दोन्ही पाय उबदार

माझ्या सासऱ्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापला, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. शेजारणीला माहीत आहे, दूधवाल्याला माहीत आहे, कोपऱ्यावर बूट शिवून देणाऱ्यालाही माहीत आहे. तो बिचारा अजून सवयीने दुसऱ्या बुटासाठी हात पुढे करतो आणि मग ओशाळतो. माहीत नव्हतं ते फक्त हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला. तेही ज्या हॉस्पिटलात पाय कापला त्याच हॉस्पिटलच्या. मी तिथेच नर्स आहे, म्हणजे घरचंच लग्न आणि आम्हालाच आमंत्रण नाही.

कॉम्प्युटर म्हणायचा, “दोन्ही पाय उबदार. नाडी नीट लागते. आधाराशिवाय चालतात.”

हे कसं झालं ते सांगते. त्यात कसलंही गूढ नाही, नुसता आळस आहे, आणि आळसाला बटण मिळालं की त्याला व्यवस्था म्हणतात. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, जुना मधुमेह. ते दर महिन्याला मधुमेहाच्या ओपीडीत जायचे. तिथले छोटे डॉक्टर एका सकाळी इतके पेशंट बघतात की त्यांना ‘बघतात’ म्हणणं हाच अन्याय आहे. त्यांच्या स्क्रीनवर एक बटण आहे, ‘मागील नोंद आणा’. ते दाबलं की गेल्या खेपेला लिहिलेलं सगळं जसंच्या तसं येतं. मग ‘जतन करा’ दाबायचं आणि ‘नेक्स्ट’ म्हणून ओरडायचं. गेल्या खेपेची नोंद त्याच्या आधीच्या खेपेची असते आणि ती त्याच्याही आधीची. असं मागे मागे जात राहिलं तर शेवटी कुठल्या तरी भल्या डॉक्टराने एकदा अण्णांच्या पायांना खरोखर हात लावून ‘उबदार’ लिहिलेलं सापडतं. तेव्हापासून पाय उबदारच. पाय काळा पडला, तरी उबदार. पाय कापून नेला, तरी उबदार. अण्णा व्हीलचेअरवरून ढकलत आत आणले जायचे आणि कॉम्प्युटरात आधाराशिवाय चालत जायचे.

ऑपरेशनची नोंद नव्हती का? होती की! पण ऑपरेशन थिएटरचा प्रोग्राम वेगळ्या कंपनीचा आणि ओपीडीचा वेगळ्या. दोघांत बोलणं नाही. भाऊबंदकी म्हणा हवं तर.

अण्णा शाळेत कवायतीचे मास्तर होते. उभं आयुष्य मैदानावर ‘एक-दोन, एक-दोन’ करण्यात गेलं. पाय गेल्यावर शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य बोलले, “आता नुसतं एक-एक.” हसले ते एकटेच. माझा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या माणसाला पुन्हा उभं राहायचं होतं. बाकी काही नाही. कृत्रिम पाय देणारं केंद्र आहे, ते आमच्या ओपीडीची नोंद बघूनच पाय देतं. तिथे अर्ज केला. मोजमाप घेऊन झालं आणि अर्ज परत आला. कारण, ‘अर्जदारास दोन्ही पाय असल्याने.’

नवरा आणि मी अण्णांना घेऊन केंद्रात गेलो. तिथला कारकून माणूस चांगला होता, हेच वाईट. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. अण्णांनी पँटची घडी वर केली आणि म्हणाले, “घ्या, मोजा.”

“अहो आजोबा, मला दिसतंय ना,” तो कळवळून म्हणाला. “पण मला दिसून काय उपयोग? ह्याला दिसायला हवं.” आणि त्याने स्क्रीनवर टिचकी मारली.

आम्ही छोट्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “हात्तिच्या, एवढंच ना? आत्ता लिहितो.” लिहिलं. स्क्रीन लाल झाली. ‘मागील नोंदींशी विसंगत. नोंद अधिकाऱ्याची मान्यता घ्या.’

नोंद अधिकाऱ्याची खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला आहे. दारावर पितळी पाटी आणि पाटीखाली कुलूप. कॉम्प्युटर आले तेव्हाच पद निर्माण झालं, पण माणूस नेमला नव्हता, कारण पदाची पात्रता होती बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्समधलं, म्हणजे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरात सांभाळायच्या शास्त्रातलं, ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, आणि ते हॉस्पिटलात कुणाकडेच नव्हतं. कुलपाखालच्या फटीतून लोकांनी दुरुस्तीचे अर्ज आत सरकवले होते. दाराला कान लावला असता तर आतून कागद कण्हताना ऐकू आले असते.

“मग तूच कर ना तो कोर्स,” नवरा परत येताना म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना ‘आता दिसतंय का? आता?’ विचारत असतो, त्यामुळे त्याला वाटतं जगातला प्रत्येक प्रश्न काच बदलली की सुटतो.

“मी? ह्या वयात?”

“अगं, हातात डिग्री आहे, रविवार मोकळा आहे. आणखी काय लागतं?”

“रविवार मोकळा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझा मोकळा रविवार तुम्ही कधी बघितलात?”

मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, “सूनबाई, भांडायचं तर कर. पण कोर्सही कर.”

केला. पायासाठी केला. ज्ञानाची तहान वगैरे मला नव्हती. वॉर्डातून आलं की मला चहाची तहान असते.

शेजारीण विचारायची, “म्हणजे तू आता डॉक्टर होणार?”

“नाही.”

“इंजिनियर?”

“नाही.”

“मग एवढं डोकं फोडून होणार काय?”

“सासऱ्यांचा पाय कापला हे कॉम्प्युटरला सांगायची परवानगी मिळणार.”

ती पुन्हा काही विचारायच्या फंदात पडली नाही. अति शिकून सून बिघडली, असं तिने तिच्या सुनेला समजावून सांगितलं म्हणे.

वर्ग रविवारी दुपारी, स्क्रीनवर. आमच्या मॅडम हुशार होत्या आणि मनापासून शिकवायच्या, हे मी नाकारणार नाही. त्यांच्या मागे पुस्तकांचं कपाट असायचं आणि कपाटावर एक मांजर. मॅडम म्हणायच्या, “लक्षात ठेवा, डेटा म्हणजे आकडे नव्हेत. डेटा म्हणजे साक्षात रुग्ण.” आम्ही सगळे आपापल्या चौकटीत माना डोलवायचो. स्वयंपाकघरात कुकर शिट्टी करायचा आणि अण्णा दुसऱ्या खोलीतून ओरडायचे, “साक्षात रुग्णाला चहा मिळेल का?”

दोन गोष्टी मॅडमनी आमच्या डोक्यात खिळे ठोकावेत तशा ठोकल्या. एक, रुग्णाची ओळख कधीही, कुठेही, कुणापुढेही उघड करायची नाही. केली की प्रकल्प रद्द आणि सर्टिफिकेट विसरा. दुसरी, एक माणूस, एक नोंद. एकाच माणसाच्या दोन नोंदी होणं हे या शास्त्रातलं महापाप. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. पुढे हीच रेघ मला चावणार आहे हे तेव्हा कळायला मी काय ज्योतिषी होते?

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा होता, स्वतःच्या हॉस्पिटलातल्या नोंदींवर. मला विषय शोधायला लागला नाही. विषय रोज रात्री माझ्या घरात कुबडी आपटत बाथरूमला जात होता. मी शीर्षक लिहिलं, ‘ओपीडीच्या नोंदींतील नक्कल आणि तिचे परिणाम’. मॅडमना फार आवडलं. पण नोंदी वापरायला हॉस्पिटलच्या प्रमुखांची सही हवी. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणतो. त्यांची खुर्ची मोठी आहे, तेवढं कारण पुरतं.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“सिस्टर, नक्कल हा शब्द पोलिसातला आहे.”

“सर, डॉक्टर मागची नोंद उचलून पुढे टाकतात. त्याला दुसरं काय म्हणायचं?”

“पुढे नेतात म्हणा. टाकतात काय?” ते मागे रेलले. “हे बघा, रोगाचं नाव बदललं की पेशंटचा चेहरा बदलतो. तुम्ही वॉर्डात आहात, तुम्हाला मी काय सांगायचं? गेल्या महिन्याची नोंद आणि या महिन्याची नोंद जुळते. त्याला चांगला शब्द आहे. सातत्य.”

“सातत्य?”

“आपल्याकडे गुणवत्तेची तपासणी येतेय. त्यात नोंदींतलं सातत्य मोजतात. तुमचाच प्रकल्प आपण त्यांना दाखवू. मोजणी तीच, तक्ते तेच. नुसतं शीर्षक बदला आणि निष्कर्ष जरा…” त्यांनी हवेत हाताने इस्त्री फिरवली.

“आणि नाही बदललं तर?”

“तर सही नाही करणार, असं मी कुठे म्हटलं?” साहेब हसले. “वेळ लागेल, एवढंच. तुमच्या नोंद अधिकाऱ्याच्या अर्जालाही.”

मी घरी आले ती धुमसतच. भांडी इतकी आपटली की नवरा दारातच थबकला.

“सातत्य म्हणे! चोराला सातत्याने चोरी करतो म्हणून हार घाला!”

“अगं, शब्दच बदलायचाय ना? बदल. अण्णांचा पाय काय शब्दावर उभा राहणारेय?”

“शब्दावरच अडलाय तो! उबदार ह्या एका शब्दावर!”

अण्णा खाटेवर बसून ऐकत होते. दंडावर जुनी शिट्टी दोरीसकट गुंडाळायची त्यांना सवय आहे. ते शांतपणे म्हणाले, “मी पोरांना आयुष्यभर सातत्यच शिकवलं. पाय चुकला तरी चालेल, ताल चुकू नका. ह्या डॉक्टर लोकांचा ताल कसा पक्का आहे बघ. पाय गेला, ताल चुकला नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “सूनबाई, मला एकदा उभं राहून खिडकीबाहेर बघायचंय. बसून नुसतं आभाळ दिसतं. रस्ता दिसत नाही.”

मी शीर्षक बदललं. ह्यावर ज्याला तोंड वाकडं करायचंय त्याने आधी महिनाभर नुसतं आभाळ बघावं.

सादरीकरणाचा दिवस आला. हॉस्पिटलचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर कुठल्याशा औषध कंपनीचं घड्याळ. समोर मोठे साहेब, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले परीक्षक, आणि पडद्याच्या एका कोपऱ्यात मॅडम, मांजरासकट. सादरीकरण सगळ्यांना खुलं होतं, म्हणून नवरा अण्णांना घेऊन आला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुनेची परीक्षा म्हणजे त्यांना शाळेचं स्नेहसंमेलनच. मी त्यांना बजावलं होतं, “गप्प बसायचं.” ते म्हणाले होते, “सावधान ते विश्राम, मध्ये एक शब्द नाही.”

मी तक्ते दाखवले. या खेपेची नोंद मागच्या खेपेशी किती जुळते, कुठल्या ओपीडीत जास्त, कुठे कमी. मधुमेहाची ओपीडी सगळ्यात वर होती, अर्थातच. साहेब मान डोलवत होते. परीक्षक गोरेगोमटे, मृदू आवाजाचे, खरोखर ऐकणारे होते. आणि ऐकणारा माणूस भेटला की अडचण सुरू होते. ते म्हणाले, “एखादं उदाहरण दाखवाल? नाव अर्थातच नको.”

माझ्याकडे उदाहरण तयार होतं. नाव पुसलेलं, पत्ता पुसलेला, नुसता प्रकल्पातला क्रमांक. पडद्यावर एकाखाली एक नोंदी आल्या. दोन्ही पाय उबदार. दोन्ही पाय उबदार. दोन्ही पाय उबदार. सभागृहात एकदम देवळातल्या जपासारखं वाटायला लागलं.

परीक्षक पुढे सरकले. “वय सत्तरीपुढे, इतका जुना मधुमेह, साखर सतत चढलेली, आणि तरी पाय इतके उत्तम? नाडी नीट, आधाराशिवाय चालणं… ही दुर्मीळ केस आहे. ह्यावर लिहायला हवं. काय उपचार दिलेत तुम्ही?”

मी तोंड उघडायच्या आत मोठे साहेब म्हणाले, “टीमवर्क.”

आणि मागच्या रांगेतून हसू फुटलं. मैदानभर ऐकू जायचं तसलं हसू.

“उपचार मी सांगतो साहेब,” अण्णा म्हणाले. “करवतीने कापला. टीमवर्कच होतं, चौघं होते.” त्यांनी व्हीलचेअर पुढे घेतली आणि पँटची घडी वर केली. “हे तुमचं उदाहरण. मीच तो पेशंट.”

पहिल्या भानावर आल्या मॅडम. पायाचं त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अरे देवा, ओळख उघड झाली!”

“मॅडम, त्यांनी स्वतःच सांगितलंय,” मी म्हटलं.

“कुणी सांगितलं ह्याला महत्त्व नाही, सिस्टर. सादरीकरणात रुग्णाची ओळख उघड झाली. नियम स्पष्ट आहे. मला फार वाईट वाटतंय.” आणि त्यांना खरंच वाटत होतं. त्यांचे डोळे पाणावले होते. पाय नसलेला माणूस समोर बसलेला आणि बाईंना रडू आलं ते नियमासाठी! मला त्या क्षणी पडद्यात हात घालून निदान ते मांजर तरी ओढून काढावंसं वाटलं.

परीक्षक अस्वस्थ झाले. “म्हणजे प्रकल्प रद्द?”

हे ऐकल्यावर मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला. प्रकल्प रद्द म्हणजे तपासणीला दाखवायचं सातत्य रद्द. साहेबांचं डोकं एरवी विश्रांतीत असतं, पण गरज पडली की असं धावतं की मानलं पाहिजे. ते उठले, पडद्याजवळ गेले, पुन्हा अण्णांजवळ आले, खाली वाकून पायाकडे नीट बघितलं. हॉस्पिटलात नोकरीला लागल्यापासून त्यांनी इतक्या जवळून पेशंट बघितलेला मला तरी आठवत नाही.

“एक मिनिट,” ते म्हणाले. “नोंदीतल्या रुग्णाला पाय किती?”

“दोन,” परीक्षक म्हणाले.

“या गृहस्थांना?”

“एक.”

“मग हे तो रुग्ण असतीलच कसे?”

साहेबांना जोर चढला. “नोंद म्हणते, आधाराशिवाय चालतात. हे खुर्चीत आहेत. नोंद म्हणते, दोन्ही पाय उबदार. ह्यांचा एक आहे, तो उबदार आहे की नाही आपल्याला ठाऊक नाही. एकही गोष्ट जुळत नाही. ओळख उघड व्हायला आधी ओळख पटावी तर लागेल!”

परीक्षकांनी पडद्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. “तर्क बिनतोड आहे,” ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

“तांत्रिकदृष्ट्या… हो,” मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. “नोंदीशी जुळत नसेल तर ओळख उघड झाली असं म्हणता येणार नाही. पण प्रकल्प सिस्टरांचा आहे. त्यांनी सांगावं. सिस्टर, हे गृहस्थ आणि हा रुग्ण वेगळे आहेत ना?”

ह्या माणसाचे टाके मी स्वतः काढले होते. खरं बोलले तर सर्टिफिकेट गेलं आणि त्याबरोबर पाय गेला. खोटं बोलले तरी पाय गेलाच, कारण हे ते नाहीत असं एकदा ठरलं तर त्या नोंदीत मी दुरुस्ती तरी कुणासाठी करणार? मी खरंच बोलणार होते. शब्द ओठांवर होता, आणि तो फारसा सभ्य नव्हता.

पण अण्णांनी दंडावरची शिट्टी फुंकली.

सभागृहातला प्रत्येक माणूस ताठ बसला. मांजर कपाटावरून उडालं.

“चूक झाली साहेब,” अण्णा म्हणाले. “म्हातारा माणूस. मला वाटलं, मी मीच आहे.”

“होतं असं,” मोठे साहेब मायेने म्हणाले. “वयोमानानुसार.”

“पण तेवढं कागदावर घ्या. सदर गृहस्थ म्हणजे तो रुग्ण नव्हे. पुढे घोटाळा नको.”

“घेणारच की!” साहेब म्हणाले, आणि कारकुनाने सभेच्या वृत्तांतात ते घेतलं. खाली तिघांच्या सह्या, मॅडमची स्क्रीनवरून. मी उत्तीर्ण झाले. विशेष श्रेणीत.

घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मात्र इतके बोलले की नवरा दुकानात काम राहिलंय म्हणून सटकला, आणि त्या दिवशी दुकान बंद होतं.

“तुम्ही का मागे हटलात? आता काय? आता पाय विसरा! तुम्ही तुम्ही नाही, हे त्यांनी सही करून दिलंय!”

“हो ना,” अण्णा म्हणाले. “कुणी सही केली?”

“तिघांनी! साहेबांनी, परीक्षकांनी…”

“म्हणजे पक्कं. मी तो नाही. मग पोरी, मी तुमच्या हॉस्पिटलात आलोय कधी?”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“नाहीच आलो,” ते म्हणाले. “उद्या जाऊ या. नवा पेशंट.”

एक माणूस, एक नोंद. वहीतली रेघ मला तिथे चावली. महापाप! ज्या सर्टिफिकेटची शाई वाळली नव्हती त्याच्या छातीत मी पहिल्याच दिवशी सुरी खुपसणार होते. मी म्हटलं, “अण्णा, आपण सकाळी लवकर निघू. गर्दी नसते.”

नोंदणीच्या खिडकीतली बाई माझ्या ओळखीची. आमच्याकडे माणूस म्हणजे मोबाइल नंबर. नंबर टाकला की माणूस वर येतो. अण्णांचा माणूस नवऱ्याच्या नंबराला बांधलेला होता.

“नंबर?” तिने विचारलं. मी माझा सांगितला.

“कुणी नाहीये ह्यावर. पहिल्यांदाच येताय का, आजोबा?”

“पहिल्यांदाच,” अण्णा म्हणाले. “हॉस्पिटल छान आहे. लोक सांगतात, इथे पाय उबदार राहतात.”

नवी नोंद घेऊन आम्ही छोट्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वर न बघता ‘मागील नोंद आणा’ दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण राखाडी पडलेलं, मेलेलं. मागची नोंदच नव्हती तर आणणार कुठून? त्यांच्यापुढे कोरा तक्ता उघडा पडला, आणि रिकाम्या चौकटी एकेक करून विचारू लागल्या, डावा पाय? उजवा पाय? डॉक्टर बिचारे गांगरले. कोरा तक्ता त्यांनी कॉलेज सोडल्यापासून बघितला नसावा. शेवटी नाइलाजाने त्यांनी मान वर केली, टेबलाला वळसा घातला आणि अण्णांसमोर उकिडवे बसले.

“अरे बाप रे! हे कधी झालं, आजोबा?”

“तुम्ही बघत नव्हता तेव्हा,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांचे कान लाल झाले. पण त्यांनी दोन्ही हातांनी उजवा पाय चाचपला, नाडी शोधली, तळवे बघितले, आणि स्वतःच्या बोटांनी एकेक अक्षर लिहिलं. उजव्या टाचेवर एक बारीक जखम निघाली. कुणाला माहीत नव्हती. मलाही नाही. मला वॉर्डात डोळे असतात, घरात पाठ असते. डॉक्टर म्हणाले, “अजून महिनाभर अशीच राहिली असती तर…” आणि वाक्य तिथेच सोडलं. उबदार पायांच्या नादात दुसराही गेला असता, एवढाच त्या वाक्याचा उरलेला भाग.

केंद्रातून अर्ज मंजूर होऊन आला. तो चांगला कारकून स्क्रीनकडे बघून इतका खूश झाला की उठून अण्णांचे हात हलवू लागला. “दिसलं त्याला! शेवटी दिसलं!” टाच भरून आली आणि मग पाय आला. पहिले काही दिवस अण्णा दात-ओठ खात, घाम गाळत, मला शिव्या देत हॉलमध्ये चालले. मग एका सकाळी ते खिडकीशी उभे दिसले. रस्त्याकडे बघत होते. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, “रस्ता खणून ठेवलाय की गं! कुणी सांगितलं नाही मला.”

आता मी नोंद अधिकारी आहे. पितळी पाटीखाली आता कुलूप नाही. हॉस्पिटलला सातत्याचं पारितोषिक मिळालं, त्याच सभागृहात समारंभ झाला, माझा सत्कारही झाला. फटीतून आलेले सगळे अर्ज मी पहिल्याच आठवड्यात वाचून काढले. एका बाईंच्या नोंदीत प्रोस्टेट वाढलेलं आहे. एका माणसाची एकच किडनी दोनदा काढलेली आहे. एक गृहस्थ कधीचे वारलेत आणि दर महिन्याला आपलं मरण खोटं आहे हे सांगायला येतात. मला दुरुस्तीचं बटण मिळालं. मी ते दाबलं. स्क्रीन म्हणाली, ‘दुरुस्तीने सातत्याचा निर्देशांक घटेल. प्रमुखांची मान्यता घ्या.’ प्रमुख म्हणजे मोठे साहेब. त्यांनी सांगितलंय की वेळ लागेल, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की एक खिडकी उघडते. ‘नाव, वय, पत्ता जुळतो. या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का?’ एक अण्णा दोन पायांचे, जे बरेच दिवस आले नाहीत म्हणून बरे झालेल्यांत मोजले जातात. दुसरे अण्णा खरे. खाली तीन बटणं आहेत. ‘हो’ म्हटलं की दोन्ही नोंदी एक होतात, आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे जिच्यात जास्त ओळी ती नोंद खरी धरली जाते. ओळी कुणाच्या जास्त ते सांगायला नको. मग कृत्रिम पाय चुकून दिलेला ठरतो आणि तो परत मागायला माणूस येतो. जो पाय एकदा करवतीने कापला तो पुन्हा बटणाने कापायचा अधिकार आता रीतसर शिकून माझ्या हातात आलाय. ‘नाही’ म्हटलं तर ते खोटं, आणि त्याखाली माझं नाव. तिसरं बटण ‘नंतर’.

मी रोज ‘नंतर’ दाबते. सातत्याने.

मग दार उघडते. बाहेर रांग असते. काल पहिले होते ते वारलेले गृहस्थ. खुर्चीत बसले, छातीवर हात ठेवून म्हणाले, “बाई, आता तरी कराल ना मला जिवंत?”

मी दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, “काका, घरात दुसरा मोबाइल नंबर कुणाचा आहे?”